सेंद्रिय भाजी-फळं : पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत?

(रत्नागिरीत झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय पिशवी घेऊन बाजारात जाणाऱ्या प्रत्येकाचा आहे. दुकानात मेथीच्या दोन जुड्या आहेत. एक साधी, एक 'सेंद्रिय'. दुसरीचा भाव दीडपट, कधी दुप्पट. घ्यायची का? मेथी घेतली तर कांदेही तसलेच घ्यायचे का? नारळही? सगळंच सेंद्रिय घ्यायचं म्हटलं तर बहुतेक घरांना परवडत नाही. काहीच घेतलं नाही, तर लहान मुलांच्या ताटाकडे बघून मनाला रुखरुख लागते. म्हणून आज आपण निवड कशी करायची एवढंच बघणार आहोत.

उत्तर थोडक्यात आधीच सांगून टाकतो. भाजीच्या नावावर जाऊ नका. शेवटची फवारणी आणि आपलं ताट यांच्यामध्ये किती दिवस गेले आणि मध्ये एखादी साल किंवा करवंटी आहे का, हे बघा. दिवस कमी आणि साल नाही, तिथे जादा पैसे घालावेत. जिथे दिवस भरपूर आणि साल जाड, तिथे ते वाचवावेत. आता हे असं का, ते पाहू.

मोबाइलवरच्या याद्या

तुमच्यापैकी अनेकांनी 'डर्टी डझन' नावाची यादी पाहिली असेल. अमेरिकेतली एक संस्था ती दरवर्षी काढते. त्यात स्ट्रॉबेरी, पालक, सफरचंद वरच्या बाजूला असतात. अननस, अ‍ॅव्होकॅडो, मका हे 'स्वच्छ' गटात. यादी खोटी नाही, पण ती तिथल्या सरकारी तपासण्यांवरून तयार होते. तिथली शेती वेगळी, औषधं वेगळी, नियम वेगळे. शिवाय तिच्यात आपलं अळू नाही, पडवळ नाही, शेवग्याची शेंग नाही, फणस नाही. रत्नागिरीच्या बाजारात उभं राहून ती यादी वाचली तर अर्ध्याअधिक भाज्यांबद्दल ती काहीच सांगत नाही.

आपली बाजारपेठ कशी आहे? पावसाळा आणि दिवाळीनंतरचे काही महिने सोडले, तर आपली बरीचशी भाजी आंबा घाट उतरून येते, म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडून. टोमॅटो, फ्लॉवर, कोबी, ढोबळी मिरची हा माल तिकडचा. द्राक्षं तासगाव-नाशिकची. आपल्या वाड्यांमध्ये होतं ते वेगळं: मुळा, माठ, वाल, चवळी, पावसाळ्यात मांडवावरची काकडी, पडवळ, दोडका, भोपळा. हे दोन प्रवाह एकाच टोपलीत येतात, पण त्यांच्यामागची शेती एकसारखी नाही.

औषध कुठे राहतं?

आपल्याकडे फवारणीच्या विषाला 'औषध' म्हणतात. 'औषध मारलं' असं आपण सहज म्हणतो. झाडासाठी ते औषध असेलही, पण त्याचे दोन प्रकार समजून घेतले पाहिजेत.

पहिला प्रकार स्पर्शजन्य. हे पानावर, सालीवर बसतं. किडीचा त्याच्याशी संपर्क आला की कीड मरते. ऊन, पाऊस आणि वारा यांनी ते हळूहळू कमी होतं, आणि धुतल्यावर त्यातलं बरंच निघून जातं. दुसरा प्रकार आंतरप्रवाही. हे झाडाच्या रसात शिरतं, मग रस शोषणारी कीड त्यानं मरते. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही नावं बागायतदारांना तोंडपाठ आहेत. हे आत गेलेलं असल्यामुळे नळाखाली कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाही. त्यावर उपाय एकच, मध्ये पुरेसे दिवस जाऊ देणं.

म्हणूनच प्रत्येक बाटलीच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचं अंतर ठेवायचं ते छापलेलं असतं. त्याला प्रतीक्षा काळ म्हणतात. तो पाळला तर जे उरतं ते कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेच्या आत राहणं अपेक्षित असतं. मर्यादा प्रत्येक औषधाला आणि प्रत्येक पिकाला वेगळी. जिथे अशी मर्यादा ठरवलेलीच नाही, तिथे भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरण सर्वसाधारणपणे किलोला ०.०१ मिलिग्रॅम हा आकडा धरतं. हा आकडा किती लहान आहे? शंभर टन भाजीत मिळून एक ग्रॅम! तेव्हा 'अवशेष सापडले' एवढ्या बातमीनं घाबरू नका. किती सापडले आणि मर्यादा किती होती, हे दोन प्रश्न लगेच विचारा.

चार प्रश्न

आता बाजारात उभं राहून काय करायचं? आम्ही चार प्रश्न सुचवतो.

पहिला प्रश्न: साल खातो की टाकतो? द्राक्ष, स्ट्रॉबेरी, टोमॅटो, ढोबळी मिरची, पालेभाज्या यांचा वरचा भागच आपण खातो. नारळ, फणस, केळं, अननस, कलिंगड, मटार यांचं वरचं आवरण टाकून देतो. कांद्याची वरची सालं निघून जातात.

दुसरा प्रश्न: काढणी किती दिवसांनी होते? हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, पण आमच्या मते तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. भेंडी एक-दोन दिवसांआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. वांगी, गवार, हिरवी मिरची, काकडी यांचंही तसंच, तोडा चालूच असतो. आता वांग्याला शेंडे आणि फळं पोखरणारी अळी लागली आणि शेतकऱ्यानं आज फवारलं. बाटलीवर समजा पाच दिवस थांबायला सांगितलंय. पण परवाचा तोडा थांबवला तर माल फुकट आणि व्यापाऱ्याची गाडीही रिकामी. अशा पिकांत प्रतीक्षा काळ पाळणं शेतकऱ्याला सगळ्यांत जड जातं. शेतकरी वाईट असतो असं नाही, पिकाची घडणच तशी आहे. उलट कांदा, भोपळा, सुरण, रताळी एकदाच काढतात आणि नंतर बरेच दिवस टिकतात. तिथे वेळ आपोआप मिळतो.

तिसरा प्रश्न: घरात ते कोण खातं, आणि किती? कढीपत्त्याची चार पानं आणि रोजची पाव किलो पालेभाजी सारखी नाहीत. लहान मुलांचं वजन कमी असतं. त्यामुळे तेवढीच द्राक्षं खाल्ली तरी वजनाच्या मानानं त्यांच्या पोटात जास्त जातं. घरात तान्हं किंवा शाळेत जाणारं मूल असेल, कुणी गरोदर असेल, तर ते ज्या दोन-तीन गोष्टी रोज खातात तिथून सुरुवात करा.

चौथा प्रश्न: कुणाकडून आली? याकडे पुढे येऊ.

या चार प्रश्नांतून आपल्याकडची यादी अशी निघते. जादा पैसे घालण्यासारखं: मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना यांसारखा पाला; हिरवी आणि ढोबळी मिरची, भेंडी, वांगी, फ्लॉवर, टोमॅटो; फळांत द्राक्षं आणि स्ट्रॉबेरी. पैसे वाचवण्यासारखं: नारळ, फणस, केळी, अननस, कलिंगड, कांदा, लसूण, भोपळा, सुरण, मटार. मधला गट पेरू, सफरचंद, काकडी, गाजर यांचा. तिथे साल काढून खाता येते, तेव्हा परवडेल तसं करा.

आणि एक गट असा, जो विकत घेतानाच जवळजवळ सेंद्रिय असतो. पावसाळ्यातला टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी, शेवळं. उन्हाळ्यातली करवंदं, जांभळं, रातांबे. रानात उगवलेल्या टाकळ्यावर औषध मारायला कोण जाणार? रस्त्याच्या कडेचा, गाड्यांच्या धुरातला किंवा आंब्याच्या बागेतला तेवढा टाळा. यासाठी वेगळा भाव द्यावा लागत नाही, आणि भाजी घेऊन बसलेल्या मावशींच्या हातात सरळ पैसे जातात.

द्राक्षांची गोष्ट

द्राक्षांचं उदाहरण सविस्तर घेऊ, कारण त्यात एक धडा आहे. महाराष्ट्रात ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंत द्राक्षबागेत भुरी, डाऊनी यांसारख्या रोगांसाठी वारंवार फवारावं लागतं. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत अवशेष जास्त सापडले आणि निर्यात अडचणीत आली. मग अपेडा आणि पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी अवशेष तपासणीची पद्धत बसवली. बागेची नोंदणी, फवारणीची वही, काढणीआधी नमुना, असं सगळं आलं. पुढे 'ग्रेपनेट' या संगणकीय नोंदीवर प्रत्येक बाग आली. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकामुळे पुन्हा माल अडकला, आणि तपासणी आणखी कडक झाली.

धडा असा की ही बरीचशी द्राक्षं सेंद्रिय नव्हती आणि आजही नाहीत. तरी ती तपासून जातात. म्हणजे 'सेंद्रिय' आणि 'विषारी' एवढे दोनच कप्पे नसतात. फवारलेलं पण प्रतीक्षा काळ पाळलेलं आणि तपासलेलं, असा मोठा तिसरा कप्पा आहे. आपल्या गल्लीत हातगाडीवर येणाऱ्या द्राक्षांना मात्र अशी वही जोडलेली नसते. परदेशातल्या गिऱ्हाइकानं प्रश्न विचारले म्हणून तिथे वही आली. आपणही विचारायला लागलो तर आपल्याकडेही येईल.

आणि आपला हापूस?

आता रत्नागिरीत बसून आंब्याबद्दल बोललो नाही तर तुम्ही आम्हाला सोडणार नाही. या सभागृहात आंबा खाणारे आहेत तसे विकणारेही आहेत, त्यामुळे हा विषय इथे नाजूक आहे.

आधी चार वेगळ्या गोष्टी वेगळ्या करू. भौगोलिक मानांकन म्हणजे सेंद्रिय नव्हे. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला ते मिळालं. त्यातून आंबा कुठला ते कळतं, कसा वाढवला ते नाही. 'कार्बाइडमुक्त' म्हणजेही सेंद्रिय नव्हे. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला कायद्यानं बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. म्हणजे कार्बाइड न वापरणं हे कायदा पाळणं झालं, त्यासाठी जादा भाव कशाला? इथिलीन वायूनं ठरावीक प्रमाणात पिकवणं मान्य आहे. आणि पेंढ्याच्या आढीत पिकवलेला आंबा उत्तम, पण बागेत काय मारलं होतं ते आढी सांगत नाही.

बागेत काय होतं? पालवीपासून फळ वाढेपर्यंत तुडतुडे, भुरी, फुलकिडे यांसाठी पाच-सहा फवारण्या होतात. हवामान बिघडलं, अवकाळी पाऊस झाला की त्याहून जास्त. शिवाय पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवती अनेक जण पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे बाजारातलं कल्टार, घालतात. दरवर्षी मोहोर यावा म्हणून.

खाणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर आंब्याची साल आपण टाकतो, आणि मोहोरावरच्या फवारण्या व काढणी यांत काही महिने जातात. म्हणून फक्त पोटाचा विचार केला तर हापूस आमच्या यादीत द्राक्षाच्या बराच खाली येतो. धुऊन, साल काढून, निश्चिंत खा. आमरसासाठी आंबा पिळताना मात्र आधी चांगला धुवा.

मग सेंद्रिय हापूसला जादा पैसे द्यायचेच नाहीत का? द्यावेत, पण कारण वेगळं आहे. औषध सगळ्यांत जास्त जातं ते फवारणाऱ्याच्या अंगावर. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तुम्हाला आठवत असेल. कपाशी आपण खातच नाही! ताटात काय आलं एवढंच मोजलं तर ती माणसं हिशेबात येतच नाहीत. आपल्याकडे कलमांच्या उंचीपर्यंत फवारा मारायचा असतो, तो परत अंगावर येतो. हे काम बऱ्याच बागांत नेपाळी गडी करतात. मास्क, हातमोजे, डोक्यावर टोपी, हे सगळं उन्हात नकोसं होतं म्हणून बाजूला राहतं. मोहोरावर येणाऱ्या माश्या-मधमाश्यांचाही प्रश्न आहे. परागीकरण त्यांच्यावर असतं, म्हणून फुलं पूर्ण उमललेली असताना फवारणी टाळा असं सांगितलं जातं. तेव्हा सेंद्रिय हापूसची जादा किंमत ही मुख्यतः गडी, माती आणि माशी यांच्यासाठी आहे. ती ज्याला परवडते त्यानं जरूर द्यावी.

एक गैरसमजही काढून टाकू. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानं आपल्या आंब्यावर बंदी घातली होती, ती औषधांमुळे नव्हती. मालात फळमाशी सापडली म्हणून होती, आणि पुढच्या हंगामाआधी ती उठली. फळमाशीवर फवारणीशिवाय चालणारे उपाय आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानंच दिलेले आहेत: रक्षक सापळा, आणि फळं अंड्याएवढी झाली की त्यांना घालायच्या कागदी पिशव्या. पिशवीतल्या फळावर डाग कमी आणि वरून औषधही कमी बसतं. 'सेंद्रिय' म्हणायला तयार नसलेल्या बागायतदारालाही हे करता येतं. गिऱ्हाईक म्हणून आपण 'पिशवीतला आंबा आहे का?' असं विचारू लागलो तरी खूप फरक पडेल.

लेबल कसं वाचावं

पाकीटबंद सेंद्रिय माल असेल तर 'जैविक भारत' हे चिन्ह बघा. त्यामागे दोन पद्धती आहेत. एक एनपीओपी, म्हणजे बाहेरची प्रमाणीकरण संस्था येऊन तपासते. दुसरी पीजीएस-इंडिया, म्हणजे आसपासचे किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात. पीजीएसमध्ये 'ग्रीन' लिहिलेलं असेल तर शेत अजून बदलाच्या वाटेवर आहे, 'ऑरगॅनिक' म्हणजे ती वाट पूर्ण झाली. फळबागेला ही वाट साधारण तीन वर्षांची आहे. या तीन वर्षांत उत्पन्न घटतं आणि सेंद्रियचा भाव मिळत नाही. बरेच जण इथेच सोडून देतात. म्हणून 'ग्रीन'वाल्याकडून घेणं ही मोठी मदत असते.

आपला माल थेट विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. त्यामुळे आठवडा बाजारात बसणाऱ्या मावशींकडे कागद नाही म्हणून त्या खोटं बोलतात असं समजू नका. पण 'सेंद्रिय आहे का?' असं विचारलंत तर कुणीही 'हो' म्हणेल. त्याऐवजी विचारा: भाजी तुमच्या वाडीतली की घाटावरची? शेवटचं औषध कधी मारलं? कसलं मारलं? किडीसाठी काय करता? खरोखर पिकवणारा माणूस यावर भरभरून बोलतो. दशपर्णी अर्क कसा केला, कुठल्या वाफ्यात नुकसान झालं, सगळं सांगतो.

श्रोत्यांचे काही प्रश्न

प्रश्न आलाय की सेंद्रिय म्हणजे फवारणी अजिबातच नाही का? तसं नाही. निंबोळी अर्क, गंधक, बोर्डो मिश्रण यांना अटींसह परवानगी असते. म्हणून सेंद्रिय भाजीही धुवायचीच. शेणखत, जीवामृत वापरलेलं असतं, तेव्हा पालेभाजी तर नक्कीच.

दुसरा प्रश्न, मीठ की खायचा सोडा? मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली सफरचंदांवर झालेल्या अभ्यासात सोड्याच्या पाण्यात बारा ते पंधरा मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन औषधं निघून गेली. मात्र त्यातल्या एकाचा सुमारे पाचवा हिस्सा आधीच आत मुरलेला होता. म्हणजे जे वर आहे ते जातं, आत गेलेलं राहतं. एक लिटर पाण्याला दोन छोटे चमचे सोडा घाला, मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. साबण नको.

एक काकू विचारतायत, सेंद्रियमध्ये जीवनसत्त्वं जास्त असतात का? २०१२ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी शेकडो अभ्यास एकत्र तपासले. पोषणात ठोस फरक दिसला नाही. अवशेष मात्र सेंद्रियमध्ये कमी आढळले. तेव्हा ताकद वाढेल म्हणून घेऊ नका.

शेवटचा प्रश्न खर्चाचा. समजा घरात महिन्याला भाजी-फळांवर तीन हजार रुपये जातात आणि सेंद्रिय दीडपट पडतं. सगळंच बदललं तर दीड हजार वाढतील. आपल्या यादीतला रोजचा पाला, भेंडी-वांगी-मिरची आणि मुलांची द्राक्षं हा एक तृतीयांश भाग धरला, तर पाचशे. तेही जड असेल तर एकट्या पालेभाजीपासून सुरू करा, किंवा परसात चार कुंड्यांत मेथी-कोथिंबीर पेरा.

आणि काहीच जमलं नाही तर? तरी भाजी-फळं कमी करू नका. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम खायला सांगते, आणि आपल्यापैकी किती जणांच्या ताटात तेवढी असतात? औषधाच्या भीतीनं मेथी सोडून त्या जागी बिस्किटाचा पुडा उघडणं हा सगळ्यांत वाईट सौदा. साधी मेथी घ्या, नीट निवडा, दोन-तीन पाण्यांतून काढा आणि खा. पुढच्या वेळी भाजीवाल्या मावशींना शेवटच्या फवारणीचा प्रश्न तेवढा विचारा.